बोटं आधी सुटतात

मैदानावर त्याला सगळे खिळा म्हणत. बाण जिथे लावायचा तिथेच लागायचा आणि तिथेच रुतायचा, म्हणून खिळा. खरं नाव उरलं होतं ते कंपनीच्या हजेरीपुस्तकात आणि बायकोच्या रागात.

छप्पन्न वर्षांचा माणूस. एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत आलेला. आता गंमत बघा, ज्या इमारतीत तो जाई तिथली लिफ्ट बंदच असे, आणि मशीन रूम असे गच्चीवर. हत्यारांची पिशवी खांद्याला लावून नऊ-नऊ, अकरा-अकरा मजले पायी चढायचे, वर जाऊन दोर तपासायचे, ब्रेकच्या पट्ट्या बघायच्या, मग परत खाली येऊन खड्ड्यात उतरायचं. लोकांना वर-खाली नेता नेता याचे गुडघे गेले. त्यातच जोडीचा मेकॅनिक निवृत्त झाला. कंपनीने त्याच्या जागी कुणालाच घेतलं नाही, आणि त्याच्या वाटणीच्या इमारतीही याच्याच गळ्यात पडल्या. घरी आला की तो आधी दारातल्या स्टुलावर बसायचा, बूट काढण्याइतकं बळ अंगात येईपर्यंत. बायको एका दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायची. तीही दिवसभर बोलून बोलून आंबलेली. घरात पहिला अर्धा तास कुणी कुणाशी बोलत नसे, आणि त्यात भांडण काही नव्हतं.

बुधवारची संध्याकाळ आणि रविवारची सकाळ तेवढी त्याची. पाण्याच्या जुन्या टाकीमागे एक लांबट मैदान होतं. शेवटी मातीचा बांध, बांधापुढे दाबून बांधलेल्या गवताच्या जाड गाद्या, आणि गाद्यांवर रंगीत वर्तुळांचे कागद. तिथे पंधरा-सोळा माणसं लाकडी धनुष्यं घेऊन जमत. या धनुष्यांना ना दुर्बीण, ना नेमाचा काटा, ना चाकं. दोरी ओठाच्या कोपऱ्यापर्यंत ओढायची, क्षणभर थांबायचं, आणि बोटं सैल करायची. बावीस वर्षं त्याने एवढंच केलं होतं, आणि एवढ्यानेच त्याचा आठवडा निभावत होता.

ते आलं ते एका साध्या रविवारी. स्पर्धा नव्हती, कुणी पाहुणा बघायला नव्हता. त्याने धनुष्य उचललं, दोरी ओढायला लागला, बाणाचं टोक मधल्या पिवळ्या वर्तुळाशी आलं, आणि बाण गेला. दोरी अजून हनुवटीलाही पोहोचली नव्हती. बाण गादीच्या पायाशी मातीत घुसला. शेजारचा म्हणाला, काय खिळेदादा, आज लाकूड सोडून जमिनीत ठोकताय का. सगळे हसले, तोही हसला. पुढचा बाणही तसाच गेला. त्याच्या पुढचा बरा लागला. मग परत दोन तसेच.

पहिल्या महिन्यात त्याने तेच केलं जे कुणीही करेल. नाचता येईना, अंगण वाकडं. दोरी सैल झाली असेल म्हणून नवी वळून घातली. बोटांवर चढवायचा चामड्याचा तुकडा झिजला असेल म्हणून नवा कापला. खांदा दुखतो म्हणून धनुष्य हलकं घेतलं. नवा चष्मा केला. एका डॉक्टरने बोटांना टाचण्या टोचून बघितल्या आणि सांगितलं की नसा उत्तम आहेत, तुमच्या वयाला शोभत नाहीत इतक्या. कामावर तर त्याचा हात तसूभरही हलत नव्हता. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली, आत माणसं ओरडत असली, तरी वरचं चाक हातानं फिरवून तो लिफ्ट बोटभरही इकडची तिकडे न होऊ देता दारासमोर आणून उभी करायचा. बिनकागदाच्या, कोऱ्या गादीवर बाण मारला तर तोही सरळ जायचा. समोर रंगीत कागद लावला, की ये रे माझ्या मागल्या.

पुढे पुढे वेगळाच प्रकार सुरू झाला. बाणाचं टोक पिवळ्यापर्यंत जाईचना. खालच्या काळ्या वर्तुळात येऊन अडकायचं, जणू वरून कुणी हात ठेवलाय. तो सगळं बळ लावून हात वर न्यायला बघायचा, दंड थरथरायचा, कपाळावर घाम यायचा, आणि जरा वर सरकलं की बोटं आपली आपण उघडायची. त्याला विचारतच नव्हती. लोकांनी हसणं बंद केलं तेव्हा त्याला जास्त वाईट वाटलं.

मैदानाचं काम बघायचे ते शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. त्यांनी एकदा बाजूला घेऊन सांगितलं की याला टार्गेट पॅनिक म्हणतात, म्हणजे नेमाची धास्ती, चांगल्या चांगल्यांना होतं, मनावर घेऊ नका. मनावर घेऊ नका म्हटल्यावर माणूस दुसरं काय करतो. त्यानंतरच्याच बुधवारी त्याचा एक बाण ओढण्याआधीच सुटला, आडवा गेला आणि नळाजवळच्या लाकडी कुंपणात घुसला. नळावर तेव्हा मास्तरांची सून बाटली भरत होती. बाण तिच्यापासून चार हातांवर. ती बाटलीचं झाकण लावायचं विसरून तशीच निघून गेली. मास्तर म्हणाले, "काही दिवस विश्रांती घ्या. मैदान कुठे पळून जातंय?"

त्याने धनुष्याची दोरी उतरवली, ते कापडात गुंडाळलं आणि घरी येऊन कपाटावर टाकलं.

दोन रविवार तो घरातच बसला. तिसऱ्या रविवारी बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता सहज म्हणाली, "ती टपालवाली असंच सांगायची ना? बोटं आधी सुटतात म्हणून?"

नऊ वर्षं झाली होती. टपाल वाटणारी एक बाई मैदानावर यायची. सायकल कुंपणाला टेकवून, खाकी सदरा तसाच अंगावर ठेवून बाण मारायची, आणि बरी मारायची. मग तिचे बाण लवकर सुटायला लागले. ती सगळ्यांना विचारायची, असं का होतं, तुमचं कधी झालंय का. त्यालाही विचारलं. तेव्हा तो खिळा होता, त्याचं सगळं जिथल्या तिथे होतं. तो चारचौघांत म्हणाला होता, "ताई, हा आजारबिजार काही नाही. भित्र्याने घरी बसावं, म्हणजे बोटं सुटत नाहीत." माणसं हसली. तीही हसली होती, हे त्याला नीट आठवत होतं. त्यानंतर ती मैदानावर दिसली नाही, आणि ती का येत नाही हे विचारायचंही त्याला कधी सुचलं नव्हतं.

बायकोने सांगितलं की ती दवाखान्यात येते, टाचेच्या दुखण्यासाठी. आता टपाल वाटत नाही, ऑफिसात बसून पत्रांची वाटणी करते. "धनुष्य सोडलं का म्हणून मी विचारलं होतं मागे," बायको म्हणाली. "म्हणाली, छे, रोज चालू आहे. घरातच."

जावं की न जावं यात आणखी एक आठवडा गेला. अखेर शनिवारी दुपारी तो गेला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. पायऱ्या चढताना त्याला वाटलं, ती घरी नसली तर किती बरं होईल.

ती घरी होती. दार तिनेच उघडलं. केस पांढरे झालेले, पायात जाड तळाच्या चपला. आत तिची म्हातारी आत्या टीव्हीसमोर बसली होती. तिला ऐकू कमी येत असावं, कारण आवाज शेजारच्या घरालाही पुरेल एवढा होता. दारापासून मोरीपर्यंत एक अरुंद बोळ होता आणि त्याच्या टोकाला जुन्या चिंध्या कोंबलेलं जाड पोतं भिंतीला टेकवून उभं केलेलं. पोत्याचा मधला भाग बाणांनी पार चाळण झालेला. भिंतीवरच्या खुंटीला तिचं धनुष्य लटकत होतं.

तो आडवळणाने बोलायला लागला. टाच कशी आहे, ऑफिस कसं आहे. ती बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "दादा, मला तेव्हा काय म्हणाला होतात ते आठवतं का?"

"आठवतं."

"मग म्हणा परत."

त्याने आत्याकडे बघितलं. आत्या टीव्ही बघत होती. त्याला वाटलं ही थट्टा असेल, पण बाईच्या चेहऱ्यावर थट्टेचं नाव नव्हतं. शेवटी खाली मान घालून त्याने ते वाक्य शब्दान् शब्द म्हटलं. बोलून झाल्यावर त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या.

"आता हेच स्वतःला सांगून बघितलंत ना, इतके महिने?" तिने विचारलं. "उपयोग झाला?"

"नाही."

"मला पण नाही झाला. बसा, चहा टाकते."

माफीचा शब्द त्याने त्या दिवशी काढला नाही, आणि तिने मागितलाही नाही. चहा पिऊन झाल्यावर तिने त्याला पोत्यापासून तीन पावलांवर उभं केलं, हातात स्वतःचं धनुष्य दिलं आणि डोळे मिटायला सांगितलं. इतक्या जवळून कुणाचाही बाण चुकणार नाही. चुकणारच नाही म्हटल्यावर नेम धरायचं कारण उरत नाही. तेवढंच तिला हवं होतं. डोळे मिटून ओढा, पाठ आवळा, बाणाचं पीस नाकपुडीला टेकेपर्यंत ओढत राहा, आणि टेकलं की मगच सोडा. तिने चाळीस बाण मारायला लावले. एकही लवकर सुटला नाही. जिने उतरताना त्याला थोडं हलकं वाटलं, आणि तो मनात म्हणाला, संपलंच की हे.

तीन आठवडे असेच गेले. मग तिने पोत्यावर कागद लावला. ती म्हणाली, "आता बाण सोडायचा नाही. ओढायचा, नेम धरायचा, चार आकडे मोजायचे आणि दोरी हळूच परत खाली आणायची. सहा आठवडे."

"सोडायचा कधी?"

"सांगितलं ना, सहा आठवडे नाही."

हे मात्र जीव काढणारं काम होतं. बाण सोडला की अंग मोकळं होतं. ओढलेली दोरी न सोडता परत आणायची म्हणजे तेवढंच ओझं दुसऱ्यांदा उचलायचं. दिवसभर अकरा मजले चढून आलेला माणूस त्या अंधाऱ्या बोळात उभा राहून ओढतोय, मोजतोय, उतरवतोय. तीसदा. मधेच आत्याला मोरीत जायचं असे, तेव्हा सगळं थांबवून भिंतीला चिकटायचं. काही वेळा तो दोनपर्यंतच मोजू शकायचा. काही वेळा टोक काळ्यातच अडकायचं, तेव्हा बाई म्हणायची, राहू दे काळ्यात, काळ्यातच मोजा. तिने त्याला कधी शाबासकी दिली नाही. तिला हे कुणी शिकवलं होतं, असं त्याने एकदा विचारलं. कुणीच नाही, ती म्हणाली, चुकत चुकत पाच वर्षं लागली. त्याने पुन्हा दोरी ओढली.

पाचव्या आठवड्यात घोटाळा झाला. त्या दिवशी एका इमारतीत चार तास उपाशी राबून तो आला होता. अंगात त्राण नव्हतं. दोरी ओढली, तीनपर्यंत मोजलं, आणि पिवळं समोर दिसताच बोटं उघडली. बाण पोत्याच्या कडेला लागून वळला आणि मोरीच्या दाराच्या चौकटीत घुसला. आत्या आत होती. आतून शांत आवाज आला, "कोण आहे? थांबा जरा, होतंय माझं."

बाई हसली. त्याला हसू आलं नाही. एवढं करून परत पहिल्याच पायरीवर. तिथेही एक बाई, इथेही एक बाई. आपण कुणाचा तरी जीव घेऊ तेव्हाच थांबणार. त्याने बाण चौकटीतून उपटला, भोक अंगठ्याने दाबून बघितलं, निघाला, आणि दोन शनिवार गेलाच नाही. त्याने कानाला खडाच लावला होता.

दुसऱ्या शनिवारनंतर बायकोने जेवताना निरोप सांगितला. टपालवाल्या ताई दवाखान्यात भेटल्या होत्या. म्हणाल्या, त्यांना सांगा, पोतं अजून तिथेच आहे आणि चौकटीतलं भोक मी लांबीने बुजवलं.

"आणि?" त्याने विचारलं.

"आणि काही नाही. एवढंच म्हणाल्या."

तो गेला. तिने सगळं पहिल्यापासून सुरू केलं, डोळे मिटून, तीन पावलांवरून. त्याने तक्रार केली नाही. दमलेला असला तर ती दहाच वेळा ओढायला लावायची आणि घरी पाठवायची. हे त्याला नवीन होतं. आजवर त्याने दमणं हे कधी कारण म्हणून धरलंच नव्हतं. दमायचं आणि करायचं, अशीच सगळी नोकरी गेली. आता कळत होतं की हे सुरू झालं ते दुप्पट इमारती गळ्यात पडल्या त्याच हिवाळ्यात. त्याने कंपनीला अर्ज दिला की एवढ्या इमारती एका माणसाच्या आवाक्यातल्या नाहीत. उत्तर आलं नाही. तरी त्याने शुक्रवार-शनिवार उशिरापर्यंत थांबणं स्वतःच बंद केलं. साहेब चार दिवस गुरगुरले आणि मग दुसऱ्या कामाला लागले.

सहा आठवड्यांनी कागदावर पहिला बाण सोडायची परवानगी मिळाली, तीन पावलांवरून, आणि तीही अशी की पाचदा ओढायचं, चारदा उतरवायचं, एकदा सोडायचं. कोणता सोडायचा ते ती ऐन वेळी सांगायची. "उतरवा." "उतरवा." "हं, आता." त्या "आता"लाही बोटं लगेच उघडत नसत, पीस नाकाला टेकायचं, आणि मग कधीतरी बाण जायचा. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा तो धनुष्य हातात तसंच धरून मागे वळला. ती पाणी आणायला आत गेली आणि जरा वेळाने आली.

पुढे बोळ अपुरा पडू लागला. आता मैदान हवं होतं. त्याने तिला म्हटलं, चला ना तुम्हीही. ती नाही म्हणाली. रागाने नाही, नुसतं नाही. तिथे तिला कुणाला काही दाखवायचं नव्हतं, आणि बोळात तिचं छान चाललं होतं.

तो एकटाच गेला. दहा पावलांवर उभा राहिला, जिथे मैदानावर पहिल्याच दिवशी आलेले लोक उभे राहतात. त्या बुधवारी चहाच्या वेळी त्याने सगळ्यांसमोर सांगितलं की नऊ वर्षांपूर्वी आपण टपालवाल्या ताईंना असं असं बोललो होतो, ते चूक होतं, आणि आज जे काही येतंय ते त्यांनी शिकवलंय. तो बोलत असताना कुणी तरी कप विसळत होतं. निम्म्यांनी टपालवाली बघितलीच नव्हती. मास्तर म्हणाले, जाऊ द्या हो, जुनी गोष्ट. एक-दोघांनी मान हलवली. सांगायच्या आधी रात्रभर त्याला झोप नव्हती, आणि सांगून झाल्यावर काहीच झालं नाही.

शनिवारी त्याने तिला हे सांगितलं.

"कुणी ऐकलं?" तिने विचारलं.

"दोघांनी."

तिने पोत्यातले बाण उपटून घेतले. "बरं," म्हणाली.

दहाचे पंधरा झाले, पंधराचे वीस. प्रत्येक वेळी मागे सरकलं की जुनं दुखणं डोकं वर काढायचं. मग दोन पावलं पुढे यायचं, आठवडाभर तिथेच थांबायचं. उन्हाळा सरता सरता तो जुन्या जागेवर पोहोचला. मैदानाची वर्षाची स्पर्धा होती, छत्तीस बाणांची. तो उतरला. पहिल्याच फेरीत टोक पिवळ्याशी आलं आणि बोटांत ती ओळखीची कळ आली. त्याने दोरी उतरवली. मागे कुणी तरी कुजबुजलं. त्याने परत ओढली, सोडली. पुढे आणखी दोनदा उतरवली. एकविसावा बाण लवकर गेलाच, गादीच्या वरच्या कोपऱ्यात लागला. बाकीचे पस्तीस त्याने सोडले तेव्हा सुटले. चौदा जणांत तो अकरावा आला. मास्तरांच्या सुनेचा नववा नंबर होता. तिने जाताना त्याच्या दंडावर हलकेच थाप मारली.

घरी येऊन तो स्टुलावर बसला. बायकोने विचारलं, कसं झालं. अकरावा, तो म्हणाला, आणि बसल्या जागीच डोळा लागला. बूट तिने काढले.

पुढच्या शनिवारी तिसरा मजला चढून गेला, तर बाईने नंबर विचारलाच नाही.

"किती वेळा उतरवलं?"

"तीनदा. आणि एक हातातून गेला."

"म्हणजे चारदा उतरवायला हवं होतं," ती म्हणाली. तिने खुंटीवरून धनुष्य काढलं, पण त्याच्या हातात दिलं नाही. आज पहिले दहा ती स्वतः मारणार होती; आठवडाभर ऑफिसात दोन माणसांचं काम पडलं होतं, आणि तिची बोटंही जरा चाळवली होती. तो भिंतीला टेकून उभा राहिला. तिने ओढलं, थांबली, आणि तो हळू आवाजात मोजायला लागला.